गाळातले बिऱ्हाडकरू

मराठीच्या प्राध्यापकाला किडा म्हटला की पुस्तकातली कसरच आठवायची. माझी पहिली ओळख मात्र गळाला लावायच्या किड्याशी झाली. तुडील माझे आजोळ, महाडच्या खाडीपट्ट्यातले. समुद्र राहिला दूर बाणकोटला. पण त्याची भरती सावित्रीतून पार महाडपर्यंत चढते.

ओहोटी लागली की मामा गाळात उतरत आणि बीळ हेरून बोटभर लांब, लालसर किडा काढीत. दोन्ही अंगांना वल्ह्यांसारखे पाय, त्यांवर ताठ केस. प्राणिशास्त्रवाले त्याच्या जातकुळीला नेरीस म्हणतात. त्या केसांनी तो बिळाची भिंत अशी धरतो की ओढला तर तुटेल, जागा सोडणार नाही. (जुन्या चाळीतले भाडेकरू आठवावेत!) जेवायलाही स्वारी पुरती बाहेर पडत नाही. शेपूट घरात ठेवून अंग लांबवायचे, घसा उलटा करून आत दडवलेले जबडे बाहेर काढायचे, कुजका पाला, शेवाळ, मिळेल ते ओढायचे की पुन्हा आत. युरोपच्या खाड्यांतला त्याचा एक भाऊबंद तर बिळात चिकट जाळे विणतो, अंग हलवून पाणी ओढतो आणि अडकलेल्या सूक्ष्म जीवांसकट जाळेही गिळतो. ताट घासायला नको!

मामांनी एकदा काळ्याकुट्ट गाळाचे ढेकूळ फोडून दाखवले. बिळाच्या कडेने तांबूस रेघ होती. किडा बिळात पाणी खेळवतो, त्याबरोबर आत प्राणवायू जातो, म्हणून ती रेघ उमटते, हे मला पुढे पुस्तकात कळले.

२२ जुलै २०२१ ला महाड बुडाले. आमच्या घरात गुडघाभर चिखल. पंधरा वर्षांची माझी टिपणे त्यात गेली. फावड्याने ओढताना मी गाळाला काय काय बोललो, ते इथे छापण्याजोगे नाही.

दिवाळीत तुडीलला गेलो. ऐंशीचे मामा खाडीच्या काठी काठी टेकून वाकले होते. पुराचा नवा थर बसल्यापासून ते दोनदा येऊन रिकाम्या हाताने परतले होते. आज त्यांनी काठीने दाखवले. गाळावर बारीक बारीक भोके.

"जिते हायत," मामा म्हणाले. "आता मुडदुशी येल."

मी उत्साहाने खणायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

"यंदा नको रं. ऱ्हाऊ दे त्यांना."

परतताना आम्ही बाजारातून सुका जवळा घेतला.