पार्टची गाडी

जुनी मारुती 800 पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर आधी एक मेलेली 800 विकत घ्या, असं मी सांगतो तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. एक भंगार घेऊन आलेल्या माणसाच्या गळ्यात हा मिस्त्री दुसरं भंगार मारतोय, असंच त्याला वाटत असणार. त्यात त्याची चूक नाही. कोल्हापुरात काय मिळत नाही? सुटा पार्ट मिळतो, जुना मिळतो, डुप्लिकेट मिळतो आणि मिळालाच नाही तर उद्यमनगरात कुणीतरी लेथवर काढून देतो. मग अख्खी गाडी कशाला?

कशाला, तर बाजारात मोठे पार्ट मिळतात, त्यांना धरून ठेवणारे बारके पार्ट मिळत नाहीत. ब्रेकचा बूस्टर कुठंही मिळेल. पण तो फायरवॉलवर ज्या ब्रॅकेटवर बसतो तो ब्रॅकेट, पेडलची पिन, तिची कॉटर, व्हॅक्यूमची नळी आणि त्या नळीतला एकाच बाजूनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह गोळा करता करता जोडे झिजतात. शेवटी कुणीतरी वैतागून पट्टी वाकवतो, भोक मोठं करतो आणि ‘बसला की’ म्हणतो. बसलेला बूस्टर आणि कंपनीनं बसवलेला बूस्टर यातला फरक पंचगंगेच्या पुलावर पुढचा टेम्पो अचानक थांबला की कळतो.

गेल्या वर्षी आमचे एक सर त्यांची 1992 ची गाडी घेऊन आले. शाळेत त्यांनी मला भूमिती शिकवली, त्यामुळे ते मला अजून ‘अरे’ म्हणतात आणि मी त्यांना पैसे सांगताना अडखळतो. गाडी कार्ब्युरेटरची, चार गिअरची, बूस्टर नसलेली. पावसाळ्यात सकाळी चोक ओढून ओढून सुरू करायची, चढावर गरम झाली की बंद पडायची आणि ब्रेकवर उभं राहिल्याशिवाय थांबायची नाही. सरांचं म्हणणं एवढंच होतं, ‘अरे, दिसायला हीच राहू दे. पण तुझ्या वहिनींना माझ्या शेजारी बसायची भीती वाटते, तेवढी घालव.’ यापेक्षा नेमकं काम कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

या गाडीसाठी पार्टची गाडी सापडू शकते, हे 800 चं नशीब. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हातात पडली, ती जुन्या ठेवणीची होती. 1986 मध्ये अंग बदललं आणि ते नवं अंग थोड्याफार रंगरंगोटीनिशी थेट जानेवारी 2014 पर्यंत चाललं. इंजिन पहिल्यापासून तेच घराणं, तीन सिलिंडर, 796 सीसी. म्हणजे 1992 च्या गाडीला 2008 ची गाडी पार्ट देऊ शकते, आणि त्या मधल्या वर्षांत कंपनीनं जे जे सुधारलं ते आयतं पदरात पडतं. कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल इंजेक्शनचं एमपीएफआय आलं. 2010 च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज 4 चे नियम तेरा शहरांत लागू झाले. आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होती, तिथं नवी 800 विकणं बंद झालं. बाकी ठिकाणी ती पुढंही विकली जात होती. म्हणून तरुण वयाची 800 शोधायची तर पुण्याच्या बाजारात हेलपाटे घालू नयेत, तालुक्याच्या गावी विचारावं.

आमची सापडली सांगलीकडं. मागून ट्रकनं ठोकलेली. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली, विमावाल्यांनी टोटल लॉस केलेली. लोकांना अशी गाडी बघवत नाही, मला मात्र ती बघताच आवडली. मागून ठोकलेल्या गाडीचं पुढचं सगळं शाबूत असतं, आणि आपल्याला हवं ते बहुतेक सगळं पुढंच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, बूस्टर, वायरिंग. समोरून ठोकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. रेडिएटरवर आलेला मार इंजिनाच्या माऊंटिंगपर्यंत कुठं कुठं पोचलाय, ते उघडल्याशिवाय कळत नाही. बुडालेली तर फुकट दिली तरी नको. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पाण्यात राहिलेल्या गाड्या इथं ढिगानं आल्या. त्यांच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज धरतो आणि मग गाडी जन्मभर कधी चालू, कधी बंद.

भंगारवाले मामा नाराजच होते. ‘मालक, अख्खी नेणार म्हणता? इंजिनाला एक गिऱ्हाईक हाय, दारांना एक हाय. तुमी नेली की माझी दोन गिऱ्हाइकं मोडत्यात.’ मी म्हटलं, ‘मामा, दारं तुमची तुम्हाला ठेवा. पण वायरिंगला कात्री लावली असेल तर सांगा, मी असाच माघारी जातो.’ लावली नव्हती. तिथंच सौदा झाला.

अशी गाडी आणली की पोरं लगेच पान्हे घेऊन तुटून पडतात. मी पडू देत नाही. आधी बॅटरी लावायची, डिझेल इंजिनासारखा आवाज आला तरी चालेल, पण सुरू करायची. किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हे बघायचं. पंखा आपोआप लागेपर्यंत चालू ठेवायची. जागच्या जागी गिअर टाकून बघायचे. हे सगळं कागदावर लिहायचं. कारण पुढं हेच इंजिन दुसऱ्या अंगात बसवल्यावर दिवा विझला नाही, तर भांडण इंजिनाशी आहे की आपण केलेल्या जोडणीशी, हे त्या कागदावरून ठरतं. चालू गाडी मोडून बसवलेलं इंजिन आणि ढिगातून उचललेलं इंजिन यांत मला एवढाच फरक दिसतो, आणि तो पुरेसा आहे.

सरांच्या गाडीचं अंग मात्र वाईट होतं. 800 कुठं सडते ते ठरलेलं आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या मडगार्डच्या मागं चिखल साठतो तो कोपरा आणि दारांची खालची कड. दाराला खाली पाणी निघून जायला भोकं असतात, ती माती आणि पानांनी बुजतात आणि दार आतून टाकीसारखं भरतं. वरून रंग चकचकीत असला तरी फसू नये. लोहचुंबक कागदात गुंडाळून अंगावरून फिरवावं, जिथं धरत नाही तिथं खाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. आमचा डेंटर चुंबकही वापरत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत जातो. टण आवाज आला की पुढं, थप आला की खडूनं गोल. सरांच्या गाडीच्या डाव्या बाजूला त्यानं एवढे गोल काढले, की सर म्हणाले, ‘अरे, वर्तुळं तू आता शिकलास वाटतं.’

सडलेला पत्रा कापून नवा लावायचा, वर लांबी थापायची नाही, एवढं गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घ्यावं. पार्टच्या गाडीचा फ्लोअर पुढून चांगला होता, त्यातूनच तुकडे कापले. त्यात कंपनीनं दाबलेल्या घड्या जशाच्या तशा येतात, सपाट पत्रा लावून ती ताकद येत नाही. वेल्डिंग एका दमात ओढलं की पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. इथं एक टाका, तिथं एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, आणि शेवटी आतल्या बाजूला मेण मारायचं. हे मेण कुणाला दिसत नाही, म्हणून बहुतेक गॅरेजांत मारलंच जात नाही.

खरं काम वायरिंगचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत वायरी मोजक्याच असतात. एमपीएफआयच्या गाडीत इंजिनावरचा प्रत्येक सेन्सर कंट्रोल युनिटशी बोलतो. हवेचा दाब, पाण्याची उष्णता, थ्रॉटल किती उघडलंय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, या सगळ्यांवरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. यातली एक वायर कापून जोडली आणि जोड ढिला राहिला, की गाडी कधी उजवीकडं वळताना झटका देईल, कधी फक्त पावसात. म्हणून लूम, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, कापायचीच नाही. सीट, कार्पेट, डॅशबोर्ड सगळं काढायचं, प्रत्येक सॉकेटला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायची आणि अख्खी लूम सापासारखी सोडवून बाहेर घ्यायची. फायरवॉलमधून ती जिथून जाते तिथला रबरी ग्रोमेटसुद्धा ठेवायचा. तो नसला तर पत्र्याची कड वायर खाते. सरांना मीटर जुनंच हवं होतं आणि जुन्या मीटरमध्ये चेक इंजिनच्या दिव्याला जागा नाही. तो दिवा आम्ही स्टिअरिंगखाली वेगळा लावला. लपवला नाही. तो दिसला पाहिजे.

पेट्रोलचंही तसंच. जुन्या गाडीचा पंप इंजिनावर, मंद दाबाचा. एमपीएफआयला टाकीतला विजेचा पंप लागतो आणि दाब साधारण तीन किलोचा. तेव्हा टाकी, पाइप, फिल्टर सगळं बदलायचं. जुन्याच रबरी नळीवर क्लिप आवळून काम चालवणारे मी बघितलेत. गरम इंजिनाजवळ ती नळी फुटली तर पेट्रोल कुठं उडेल, हे त्यांना कुणी विचारत नाही.

इंजिन चालू होतं तरी उघडलं. उद्यमनगरात बोअर बघणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, डायल गेज सिलिंडरमध्ये सोडतात आणि वर-खाली, आडवं-उभं फिरवत राहतात. मूळ बोअर 68.5 मिलिमीटर. झीज सगळीकडं सारखी होत नाही, वरची रिंग जिथं परत फिरते तिथं जास्त होते, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडं जास्त. म्हणजे गोल भोक वरच्या बाजूला अंडाकृती होतं. नखानं चाचपलं तरी कड लागते. त्यांनी काटा बघितला आणि म्हणाले, ‘पाव चालंल.’ म्हणजे पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. नुसत्या रिंगा बदलून इंजिन गुळगुळीत चाललं असतं, सहा महिने.

सरांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्याची यादी वेगळी होती. झेनचं हजार सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, रुंद टायर, मोठ्या अलॉय, खाली बसवलेली स्प्रिंग. ‘काका, एवढं करताय तर थोडं अजून.’ पोरगं समजूतदार होतं, म्हणून समजावलं. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, पॉवर स्टिअरिंग नाही. टायर रुंद केले की पार्किंग करताना सरांचे खांदे धरतील. रिम बदलून चाकाचा घेर बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. ताकद वाढवायची तर आधी ब्रेक, मग टायर, मग सस्पेन्शन, आणि एवढं होईपर्यंत ती 800 उरत नाही.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत बदल करून मूळ तपशील बिघडवता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात ते पक्कं केलं. इंजिन बदलायचं तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, आणि आरटीओची परवानगी आधी. ‘करून टाकू, मग बघू’ म्हणणारा मिस्त्री अपघातानंतर विमावाल्यासमोर उभा राहायला येत नाही.

मुलाला मी एक गोष्ट करून दिली. हेडलाइटला रिले. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. रिले लावला की बॅटरीपासून थेट वायर जाते, आणि बल्ब तोच ठेवूनही उजेड वाढतो. खर्च किरकोळ. आंबा घाटात रात्री उतरताना अलॉयपेक्षा हे उपयोगी पडतं.

गाडी झाली त्या दिवशी सरांना बूस्टर तपासायला शिकवला. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं की बूस्टर काम करतोय. सरांनी दोनदा करून बघितलं आणि वहिनींना हाक मारली, ‘ये, बस.’

हिशेबाचं बोलायचं तर सरांचा जेवढा खर्च झाला तेवढ्यात पाच-सात वर्षांची ऑल्टो आली असती. मी त्यांना हे आधीच सांगितलं होतं. ज्याला हे ऐकून प्रश्न पडतो त्यानं ऑल्टोच घ्यावी.

आणि पान्ह्याला हात लावण्याआधी आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल 2022 मध्ये तिची फी 600 वरून 5,000 झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10,000. पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेजची सवलत पन्नास वर्षांनंतर, म्हणजे 800 ला अजून लांब आहे. पार्टच्या गाडीची आरसी रद्द करून घ्या, नाहीतर कापलेल्या गाडीच्या नंबरावर कोण कुठं फिरेल सांगता येत नाही. आणि तुमच्या गोठ्यात, बोळात कुठं मागून ठोकलेली 800 पडून असेल, तर भंगारवाल्याला ती तुकड्यांनी देऊ नका. गावात दुसरी 800 कुणाकडं आहे ते आधी विचारा, आणि तोवर वायरिंगला कात्री लावू देऊ नका.