वाट्याचे आंबे

कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. बारा वर्षांनी तिथल्या कुंडाचं पाणी चढतं आणि देवाच्या पायांना लागतं, अशी गावाची श्रद्धा. इतकी वाट पाहायची सवय असलेल्या गावाला गावरान आंब्यासाठी आठ-दहा वर्षं थांबणं जड जात नसावं, असं मला आपलं उगाच वाटतं.

आमच्या आळीमागे, चक्रावती नदीच्या अंगाला एक पडीत तुकडा होता. कुणाचा म्हणून विचारलं तर साऱ्यांचा. आंब्याची कोय फार दिवस तग धरत नाही, महिनाभरात मातीत गेली पाहिजे. म्हणून मृगाचा पाऊस पडला की घरोघरच्या कोयी तिथल्या वाफ्यात जात. कोंब वर आले की निम्मे आम्हीच उपटायचो. कोय दगडावर घासली की पुंगी झकास वाजते.

"वाजवा रे पोट्टेहो, पन दोन-चार तरी ठेवा!" आजी ओरडायची.

उरलेल्यांना बोराटीच्या काट्यांचं कुंपण आणि उन्हाळ्यात घरटी एक घागर पाणी. 1982 मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला, तशी काळ्या पिशव्यांतली रोपं गावोगाव दिसू लागली. त्यांत सुबाभूळ, निलगिरी फार. "याले खाव का पाहाव?" हा आजीचा सवाल. मलाही त्या निलगिरीचं प्रेम कधी वाटलं नाही.

गावरान कोय आईसारखंच फळ देईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे पहिला बहर धरेपर्यंत कुठलं झाड काय निघेल, कुणालाच ठाऊक नसे. बारसं फळ चाखल्यावर. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी, शेप्या. एकाचं नाव रडक्या, तो थेट लोणच्यात.

अक्षयतृतीयेला पितरांना आंबा दिल्याशिवाय आजी चाखूही देत नसे. मग पाड लागला की झेल्यानं आंबे उतरायचे आणि घरटी एक असे ढीग लागायचे. एका पोराला पाठमोरं उभं करायचं. दुसऱ्यानं ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" पोरगं तोंडाला येईल ते घर सांगायचं. मोठे आंबे कुणाकडे गेले यावर भांडायला जागाच नाही. ज्या घरात घागर उचलणारं कुणी उरलं नव्हतं, त्याचंही नाव घेतलं जाई. पडलेला आंबा मात्र उचलेल त्याचा, म्हणून वादळी रात्रीनंतर आम्ही फार लवकर उठायचो!

1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या. ज्याच्या त्याच्या वावरात कलमं लागली, चार-पाच वर्षांत फळ. कास्तकाराच्या हाती पैसा आला, हे चांगलंच झालं. आळीच्या वाफ्याकडे मग कोण पाहणार?

तिकडे मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं मात्र उलटी वाट धरली. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं उजाड जंगल राखलं आणि तिथली सीताफळं थेट मुंबईपर्यंत विकली. त्यांच्याकडे झाडागणिक नावं आहेत का, आणि विकण्याआधी गावातल्या पोट्ट्यांचा वाटा कसा काढतात, हे एकदा जाऊन विचारायचं आहे.