काचेच्या डब्यातून गणपतीपुळ्याला

माझे अब्बा अठ्ठावीस वर्षं बोटीवर होते. इंजिनरूममध्ये. सिंगापूर, बसरा, हॅम्बुर्ग ही नावं आमच्या घरात शेजारच्या गावांसारखी यायची. पण ‘‘तिथं काय पाहिलंत?’’ असं विचारलं की ते म्हणायचे, ‘‘बेटा, आमच्या खात्याला खिडकी नसते.’’ सुट्टीवर येतानाही तेच. मुंबईहून रात्रीची एसटी, पुढे रात्रीची रेल्वे, आणि उजाडता उजाडता रत्नागिरी. जयगडजवळच्या आपल्या गावाची वाट त्यांनी बहुतेक अंधारातच कापली.

गेल्या वर्षी जूनमध्ये मुंबईत त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. ऑगस्टमध्ये त्यांना गावी पोचवायचं होतं. मी दादरहून सुटणाऱ्या जनशताब्दीच्या विस्टाडोम डब्याची दोन तिकिटं काढली. साध्या बैठकीच्या डब्यापेक्षा भाडं कितीतरी पट. घरात कोणी काही बोललं नाही, पण वर्गात फिजूलखर्चीवर निबंध लिहायला देणारी मी, मलाच ते टोचत राहिलं.

ऐषआरामाची रेल्वे म्हटली की आपल्याकडे ‘डेक्कन ओडिसी’चं नाव निघतं. राज्याचं पर्यटन महामंडळ आणि रेल्वे यांनी मिळून ती 2004 मध्ये सुरू केली. सुरुवातीच्या तिच्या मार्गात रत्नागिरी आणि गणपतीपुळेही होतं. शयनकक्ष, भोजनाचे डबे, पाहुण्यांची सरबराई, सगळं शाही. पण अशा गाड्या बहुतेक रात्री धावतात आणि दिवसा पाहुण्यांना बसने फिरवतात. म्हणजे एवढे पैसे मोजून कोकणचे डोंगर झोपेत ओलांडायचे! (मत्सर म्हणा हवं तर.)

विस्टाडोम डबा या मार्गावर 2017 मध्ये आला. मोठमोठ्या काचा, छतालाही काच, आणि फिरवता येणाऱ्या खुर्च्या. गाडी सुटली तेव्हा फज्रची वेळ होती. अब्बांचे गुडघे दुखतात, ते बसूनच नमाज पढतात. डब्यातल्या मुलाने विचारलं, ‘‘चाचा, कुठल्या बाजूला वळवू?’’ आणि जमेल तेवढी पश्चिमेकडे खुर्ची फिरवून दिली.

रोह्याच्या पुढे खरी कोकण रेल्वे. तिथून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. संपूर्ण मार्ग खुला झाला तो 26 जानेवारी 1998 रोजी. पावसाळ्यात इथलं वेळापत्रकच वेगळं असतं, दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. एरवी आपण वैतागतो, त्या दिवशी बरंच वाटलं. भाताची खाचरं, लाल पाण्याने फुगलेले वहाळ, चिपळूणला वाशिष्ठी. आम्ही सगळे छताकडे माना करून धबधबे मोजत होतो. अब्बा मात्र खाली रुळांकडे बघत होते. रेनकोट घातलेला गँगमन दिसला की हात वर करायचे. पावसाळ्यात ही माणसं रात्रंदिवस रूळ तपासत चालतात. एकाने उलट हात केला तेव्हा अब्बा इतके खूश झाले, की शेजारच्या पुणेकर बाईंनाही त्यांनी ते सांगितलं.

उक्षीला रानपाटचा धबधबा पाहून सगळे मोबाईल घेऊन उभे राहिले. त्यानंतर करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. काचा काळ्या झाल्या. अंधारात अब्बांचा आवाज आला, ‘‘हे आलं बघ आमचं खातं.’’

रत्नागिरीहून रिक्षा करून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी पश्चिमेकडे तोंड केलेलं देऊळ, समोर लगेच समुद्र. भाविक अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात. देवळाच्या वाटेवर गर्दी होती, आम्ही वाळूच्या कडेला नारळपाण्याच्या टपरीवर बसलो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. इथला किनारा दिसायला सपाट, पण थोडं आत गेलं की पायाखालची वाळू सुटते. दरवर्षी कोणी ना कोणी बुडतं. पावसाळ्यात तर पाण्यात पाय घालूच नये.

लहानपणी ते मुंबईच्या बोटीने यायचे आणि जयगडला उतरायचे, ते अब्बा सांगत होते. बोलता बोलता थांबले. दूरवर जयगड बंदराच्या दिशेला एक मालवाहू जहाज दिसत होतं. बराच वेळ ते बघत राहिले. ‘‘बाहेरून बरंच मोठं दिसतं की,’’ म्हणाले.

गावी पोचेपर्यंत जोहरची अजान झाली होती. जेवताना त्यांनी तिकिटाचा विषय काढला. मला वाटलं, आता खर्चावरून बोलणार. पण गाडीत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवर 64 मीटर उंचीचा पूल आहे आणि आपण अलीकडेच उतरतो.

‘‘पुढच्या वेळी मडगावचं काढ,’’ ते म्हणाले. ‘‘परत येऊ एसटीने.’’