लिंक लपवली म्हणजे दार बंद झालं?

एका पतसंस्थेचं कर्जअर्जांचं रेल्समधलं अ‍ॅप माझ्याकडे देखभालीला आलं. पहिली मागणी किरकोळ होती : 'दुरुस्त करा' ही लिंक उपशाखाधिकाऱ्यांनाही दिसू दे. टेम्प्लेट उघडलं, तर लिंकभोवती लांबलचक 'इफ' होता. आधी हुद्दा तपासायचा, मग अर्जाची स्थिती, मग शाखा. यादीच्या पानावर हीच अट होती, पण शाखेची तपासणी गायब. छपाईच्या पानावर तिसराच प्रकार.

अटी बदलण्याआधी मी टेस्ट सर्व्हरवर लिपिकाच्या खात्याने लॉगिन केलं. लिंक दिसत नव्हती. दुरुस्तीच्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाइप केला. फॉर्म उघडला आणि रक्कम बदलून सेव्हही झाली. कंट्रोलरमध्ये अधिकाराची तपासणीच नव्हती. व्ह्यूमधला 'इफ' फक्त पानावर काय छापायचं ते ठरवतो, आलेली विनंती अडवत नाही. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातल्या अशाच त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत.

मग अधिकार तपासण्यासाठी 'पंडित' हे जेम घेतलं. अर्ज कोण बदलू शकतो, हे एका पॉलिसी क्लासमध्ये लिहिलं. लिंक दाखवण्याआधी व्ह्यू पॉलिसीलाच विचारतो आणि सेव्ह करण्याआधी कंट्रोलरही तिलाच. नकार मिळाला की ४०३. एखाद्या अ‍ॅक्शनमध्ये तपासणी राहून गेली तर एरर यावी, अशीही सोय त्यात आहे. ती चालू केली. यादीच्या पानावर मात्र प्रत्येक ओळीसाठी शाखेची वेगळी क्वेरी जाऊ लागली, म्हणून शाखा आधीच लोड करून घेतल्या.

रेल्समध्ये 'लिंक_टू_इफ' हा हेल्पर आहे. अट खोटी ठरली की तो लिंकऐवजी नुसता मजकूर छापतो. पानाच्या माथ्यावरच्या मार्गदर्शक साखळीला ते शोभतं : शाखेचं नाव वाचता येतं, फक्त क्लिक होत नाही. 'दुरुस्त करा' मात्र असं निर्जीव छापलं, तर माणूस त्यावर क्लिक करत बसतो. तिथे मी साधा 'इफ'च ठेवला.

तरी शाखांमधून फोन येऊ लागले. "सर, काल दुरुस्तीचं बटण होतं, आज दिसतच नाही. माझा अधिकार काढला का?" अधिकार तसाच होता, अर्ज मंजुरीला गेला होता. आमच्या 'होय-नाही' उत्तरात दोन वेगळे नकार एकत्र झाले होते. ज्याला अधिकारच नाही, त्याला लिंक दाखवायचं कारण नाही. ज्याला अधिकार आहे पण सध्या तो चालत नाही, त्याला कारण कळायला हवं. पॉलिसीत नकाराचं कारण देणारी मेथड जोडली आणि लिंकच्या जागी ओळ आली : 'अर्ज मंजुरीसाठी पाठवला आहे; दुरुस्ती बंद.'

बटण हरवल्याचे फोन थांबले. नंतर एका शाखेतून वेगळीच विचारणा आली : पाठवलेला अर्ज परत मागवता येईल का? 'परत मागवा' ही नवी लिंक करायला घेतली, तेव्हा टेम्प्लेट शेवटी उघडलं. सुरुवात पॉलिसीपासून केली.