अकरावीतील संगणक: दोन विषय, एक निवड

रसमडा येथील एका मराठी स्नेह्यांच्या कन्येला अकरावीत अर्थशास्त्रासोबत ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ हवे आहे. वडिलांचा आग्रह मात्र ‘कॉम्प्युटर सायन्स’चा, कारण त्याला वजन अधिक. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ दोहोंपैकी एकच विषय घेऊ देते. पायथॉन आणि एसक्यूएल दोन्हींत आहेत. कॉम्प्युटर सायन्समध्ये फंक्शन, फाइल, स्टॅक यांतून आज्ञावलीची रचना शिकवतात. इन्फॉर्मेटिक्समध्ये पांडाज वापरून आकडेवारीचे विश्लेषण आणि आलेख. प्रशासनात तक्ता चुकीचा वाचला, तर एखाद्या गावाच्या वाट्याचा निधी हुकतो. म्हणून या विषयाला दुय्यम लेखणे मला मान्य नाही. यंत्र कसे चालते याचे कुतूहल असणाऱ्याने कॉम्प्युटर सायन्स अवश्य घ्यावे. या मुलीला कुतूहल आहे ते आकड्यांमागच्या माणसांचे. मी तिचीच बाजू घेतली.