दिल्लीतला पहिला हिवाळा

सरकारी नोकराच्या पाचवीला बदली पुजलेली असते आणि त्याच्या बायकोच्या पाचवीला बांधाबांध. गेल्या वर्षी आषाढात आमच्या ह्यांची दिल्लीला बदली झाली, आणि पुण्यातले बिऱ्हाड आवरून आम्ही दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. मुलगा बंगळूरला नोकरीला, मुलगी सासरी. तेव्हा बिऱ्हाड म्हणजे आम्ही दोघे आणि बावीस खोकी. निघताना आप्तेष्टांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. दिल्लीच्या उन्हाळ्याचे नाव निघाले की सगळे हळहळत; पण थंडीचे नाव काढताच प्रत्येकाची कळी खुले. "मजा आहे बाई तुमची! गाजरहलवा काय, मटार काय, लोकरीचे कपडे काय!"

एक हिवाळा पदरी पडल्यावर सांगते, मजा आहे हे खरेच. मात्र ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

पुण्याची थंडी म्हणजे माहेरवाशीण. चार दिवस येते, लाड करून घेते आणि जाते. दिल्लीची थंडी मुक्कामाला येते. त्यातून इथली घरे उन्हाळ्याला भिऊन बांधलेली. उंच छत, वर झरोके, खाली मोझेकची फरशी. मे महिन्यात ज्या फरशीवर लोळावेसे वाटते, तीच जानेवारीत पायाला चावते. घरभर ऊब खेळवण्याची सोय नाही. एका खोलीत हीटर लावायचा आणि तिथून स्वयंपाकघरात जायचे म्हणजे हिमालयाची मोहीम काढायची. ३० डिसेंबर २०१९ रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत ९.४ अंश तापमान नोंदले गेले होते. वाचकहो, ते किमान नव्हे, दिवसाचे कमाल तापमान! अशा दिवशी कणीक मळायची म्हणजे बर्फाच्या गोळ्याशी कुस्ती.

या हिवाळ्याचे, आपल्या जुन्या नाटकांसारखे, तीन अंक असतात. पहिला धुराचा, दुसरा धुक्याचा आणि तिसरा उन्हाचा.

पहिला अंक दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. वारा पडतो. जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि मोटारींचा धूर, रस्त्यांची धूळ, पंजाब-हरयाणात शेतकरी भाताची खुंटे जाळतात त्याचा धूर, सारे त्या झाकणाखाली कोंडते. बायका भाजीच्या भावासारखा एकमेकींना हवेचा आकडा विचारतात. आकडा फार चढला की सरकार टप्प्याटप्प्याने निर्बंध लावते. शाळा घरून भरतात, काही मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत, बांधकामे बंद होतात. ही शेवटची बंदी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एका ओळीत उरकलेली असते. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

दुसरा अंक डिसेंबर-जानेवारीचा. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ इथवर येतात आणि चार थेंब शिंपडून जातात. आमच्या जिन्यातली हरयाणवी आजी या पावसाला 'मावठ' म्हणाली, तेव्हा 'मावठे' हा आपला शब्द ऐकून गावचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पाऊस गेला की जमिनीत ओल राहते, रात्री आभाळ निरभ्र, वाऱ्याचे नाव नाही. सकाळी पडदा सारावा तर समोरचा कडुनिंब गायब! मुंबईकडच्या गाड्या आठ-आठ तास उशिरा येतात, आणि धुक्यातून दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते, मग दिसते.

पण खाण्यापिण्याचे म्हणाल तर दिल्लीने या थंडीचे सोने केले आहे. लालभडक गाजरे, हातभर लांब मुळे, मटारचे डोंगर. बथुआ म्हणून जी जुडी घेतली ती निवडायला बसले, तो निघाला आपला चाकवत! काळ्या गाजरांची आंबट कांजी, गजक, रेवड्या, निखाऱ्यावर भाजलेली रताळी. आणि चांदणी चौकाच्या गल्ल्यांतली 'दौलत की चाट'. नाव चाट असले तरी ती गोड असते. दुधाचा घुसळून काढलेला फेस, वर केशर आणि पिस्ते. थंडी आहे तोवरच ती टिकते. ऊन तापले की फेस बसतो.

तरी सगळ्यांत मोठा मेवा म्हणजे ऊन. दुपारी बाराच्या सुमारास सबंध शहर उन्हाकडे तोंड करून बसते. सरकारी कचेऱ्यांपुढच्या हिरवळीवर कारकून मंडळी डबा खाऊन शेंगा सोलतात. आमच्या वसाहतीच्या बागेत बायका खाटा आणि स्वेटरची विणकामे घेऊन उतरतात. शेजारच्या पंजाबी भाभीजींनी खालून हाक मारली, "बहनजी, धूप में आ जाओ, घर में क्या रखा है?" मी मटारची परात घेऊन खाली गेले आणि त्या दिवशी दिल्लीत माझी पहिली ओळख झाली. पुढे १३ जानेवारीला त्यांच्या लोहडीच्या शेकोटीत मी तीळ टाकले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तिळगूळ दिला.

तिळगूळ देताना मनात मात्र दुसरेच काही चालले होते. इथून नव्वद किलोमीटरवर पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईआधी अडीच महिने आपली माणसे याच थंडीत, अपुऱ्या अन्नावर आणि अपुऱ्या कपड्यांवर तळ देऊन होती. शाळेत आपण घोडी आणि तोफा पाठ करतो. थंडीला तिथे एक ओळ मिळते. इथे पहाटे पाचला गॅलरीत उभे राहिले की त्या ओळीचा अर्थ कळतो.

आता पुस्तकांकडे येते. दिल्लीने आपल्या जुन्या खेड्यांना गिळले, पण पचवले नाही. उंच इमारतींच्या मध्ये ती अजून आहेत, त्यांना 'शहरी गाव'च म्हणतात. आमच्या वसाहतीमागे असेच एक गाव आहे. चार फुटी गल्ल्या, डोक्यावर विजेच्या तारांची जाळी, आणि एका घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत मुलांसाठी मोफत वाचनालय. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी तिथे जाई. "आंटीजी, तिथे पुस्तके फाटलेली आहेत आणि शिवायला कोणी नाही," असे तिने सांगितले. वडिलांच्या हाताखाली पुस्तक बांधायला मी लहानपणी शिकले होते. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन ते सहा, असे माझे ठरले.

काम साधे. नव्या पुस्तकाला नोंदवहीत क्रमांक द्यायचा, तीन ठिकाणी शिक्का मारायचा, पाठीवर रंगीत पट्टी लावायची. अक्षरे जुळवणाऱ्यांसाठी लाल, सराईतांसाठी निळी. सुटलेली पाने दोऱ्याने शिवायची, पाठीला मैद्याची खळ लावून कापड डकवायचे. वडील खळीत चिमूटभर मोरचूद घालीत, कीड लागू नये म्हणून. लहान मुलांची पुस्तके म्हणून मी ते वर्ज्य केले. जानेवारीत ही खळ दोन-दोन दिवस वाळत नाही. मग मी पुस्तके घरी आणून, भाभीजींच्या स्वेटरांच्या शेजारी उन्हात मांडीत असे.

शेवटचा अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचे. मराठीत 'ते पुस्तक', हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. हा धडा मुले मला न कंटाळता देतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शाळांना सुटी, तेव्हा तर वाचनालयात पाय ठेवायला जागा नसे. सतरंजीखाली वर्तमानपत्रे अंथरलेली, आणि चाळीस मुले एकमेकांना चिकटून बसलेली. काही वाचायला येत, काही वारा लागत नाही म्हणून येत, आणि आल्यावर वाचत. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. पुस्तके वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला. नियम इतका साधा, की तो सांगायची गरज का पडावी, असे वाटते. ती का पडते, हे मला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात समजले.

वाचनालयात एक मुलगी येई. अकरा वर्षांची, बुंदेलखंडातल्या टीकमगढकडची. वडील बांधकामावर बेलदार, आई पाट्या वाहणारी. लोककथांचे एक जाडजूड पुस्तक मी दोन शनिवार खपून शिवले होते. ते तिने घेतले आणि सोडीना. कुठवर वाचले ती खूण म्हणून पानांत लाल लोकरीचा धागा.

हवेचा आकडा पुन्हा चढला आणि बांधकामे पुन्हा थांबली. त्या हिवाळ्यातली ही तिसरी वेळ. नोंदणी असलेल्या मजुरांना सरकार काही भत्ता जाहीर करते. पण नोंदणी सगळ्यांची नसते. खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. त्या मंगळवारी मुलगी पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "जमा कर लीजिए. रात को निज़ामुद्दीन से गाड़ी है." धागा शेवटापासून चाळीसेक पानांवर होता. मग तिने विचारले, माझे कार्ड फाडून टाकणार का?

आता पंचाईत अशी, की गाव सोडणाऱ्याला पुस्तक द्यायचे नाही, हा वाचनालयाचा नियम. नोंदवही सांभाळणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, हिशेबाला चोख. ते हलक्या आवाजात म्हणाले, "एकच प्रत आहे. ती गेली म्हणजे उरलेल्या चाळीस मुलांची गेली." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ती चाळीस मुले समोर बसलेलीच होती, आणि त्यांतल्या दोघांनी त्याच पुस्तकासाठी नाव लावले होते. मला कोणी विचारले असते तर मी काय म्हणाले असते कोण जाणे. पण मला कोणी विचारले नाही. खळ लावणाऱ्याने खळ लावावी.

वाचनालय चालवणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने थोडा वेळ दोघांकडे पाहिले. मग नोंदवही ओढून घेतली, पुस्तकाचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, आणि परतीच्या तारखेचा रकाना कोरा सोडला. "आओगी तब ले आना," एवढेच म्हणाली. कार्ड खणात ठेवले. मुलीने पुस्तक स्वेटरच्या आत घातले, वरून ओढणी गुंडाळली आणि ती धुक्यात गेली.

गृहस्थ त्या संध्याकाळी चहा न घेताच घरी गेले.

तिसरा अंक फेब्रुवारीचा. वसंतपंचमी आली, बागांतून डेलिया आणि पिटुनिया फुलले, कारकुनांनी स्वेटर खांद्यावर टाकले. दिल्लीत पुस्तकांचाही हाच मोसम. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा जुना पुस्तकबाजार २०१९ साली आसफ अली रस्त्यावरच्या महिला हाटात हलवला, तिथे अजून पुस्तके किलोवर मिळतात. आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९७२ साली सुरू केलेला जागतिक पुस्तक मेळा प्रगती मैदानात भरतो. घरखर्चातून उरलेले पैसे घेऊन मी ह्यांच्याबरोबर गेले, आणि तासभर हिंडून तेच लोककथांचे पुस्तक शोधून काढले. शनिवारी ते गृहस्थांपुढे ठेवले. त्यांनी पाने मोजली, क्रमांक दिला, शिक्का मारला आणि नाव लावलेल्या दोघांपैकी पहिल्याला हाक मारली. त्या दिवशी चहा दोघांनी घेतला.

हे सगळे लिहायचे कारण, मला विचारणारे अजूनही विचारतात, "दिल्लीची थंडी कशी काय?" एकाच थंडीत आम्ही मटार सोलले, आणि त्याच थंडीने एका घराला रात्रीच्या गाडीत बसवले. दोन्ही मी एकाच गल्लीच्या दोन टोकांना पाहिले. दुपारी तीनला पुस्तके शिवायला गेले नसते, तर त्यातले एकच टोक मला दिसले असते, आणि दिल्ली फार छान आहे असे मी पुण्याला कळवले असते.

दसऱ्यानंतर वाचनालयात वर्षाची मोजदाद झाली. गृहस्थ लाल पेन्सिल घेऊन नोंदवही पाहत होते. हरवलेली सहा पुस्तके त्यांनी एकेक करून खोडली. जानेवारीच्या पानावर आले. कोऱ्या रकान्याची ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, आणि पेन्सिल न टेकवता पान उलटले. मी कव्हरे कापीत समोर बसले होते. ना मी काही विचारले, ना ते काही बोलले.

बाहेर संध्याकाळी गारवा जाणवू लागला आहे. वारा पडायला अजून थोडा अवकाश आहे. तोवर खळीची कामे उरकून घ्यायला हवीत.