चुकल्यानंतरचा खेळ

फुटबॉलचा सामना पाहतांना आमची एक खोड आहे. गोल झाला, कीं चारी बाजूंचे लोक गोल करणाऱ्याचा जयजयकार करूं लागतात. आम्ही मात्र ज्याच्या हातून चूक घडली त्या गड्याकडे, आणि त्याहूनहि अधिक त्याच्या दहा सोबत्यांकडे पाहत राहतों. कोणी कपाळाला हात लावतो, कोणी हातवारे करून दोष दुसऱ्यावर ढकलतो, आणि एखादा निमूटपणें चेंडू उचलून मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवतो. संघाचें खरें बळ किती, याचा अंदाज त्या अर्ध्या मिनिटांत येतो. खेळाचा नियमहि मोठा शहाणा आहे. ज्या पक्षावर गोल झाला, त्याच पक्षानें मध्यावरून पुन्हां खेळ सुरू करावयाचा असतो. झालें तें झालें, आतां चेंडू तुमचा, असेंच जणूं तो नियम सांगतो.

आमच्या मंगरूळपीरला पावसाळ्यांत मुलें गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत फुटबॉल खेळतात. वऱ्हाडची काळी माती पायांना गोळ्यागोळ्यांनीं चिकटते आणि चेंडू मध्येंच रुतून बसतो. पण मुलांना त्याची पर्वा नसते. गतवर्षीं आमचा बारा वर्षांचा पुतण्या अशाच एका सामन्यांत गोलरक्षक होता. एक सोपा चेंडू त्याच्या हातांतून निसटला व सामना गेला. रात्रीं पंगतीला आमच्या थोरल्या बंधूंनीं विचारलें, "काय रे, हाताला लोणी लावून गेला होतास काय?" पंगत हसली. थट्टा निर्मळ होती. पण दुसऱ्या दिवशीं ती त्याच्या आत्याच्या तोंडीं आली, तिसऱ्या दिवशीं धाकट्या भावंडांच्या, आणि चौथ्या दिवशीं मुलानें मैदानावर जाण्याचेंच सोडून दिलें. वडिलांनीं समजूत घातली, आजीनें लाडू पुढें केला. उपयोग झाला नाहीं. अखेरीस दर्ग्याच्या बाजूस राहणारा त्यांचा कर्णधार, तेरा-चौदा वर्षांचा पोर, दाराशीं येऊन म्हणाला, "चाल ना बे, सारे थांबले हायेत. गोलात तूच उभा राहाशीन." चुकीविषयीं एक अक्षर नाहीं! आमचा पुतण्या तसाच अनवाणी त्याच्यामागें धांवला.

त्या पोरानें जें सहज केलें, तें मोठमोठ्या राष्ट्रांनाहि साधत नाहीं. १६ जुलै १९५० रोजीं रिओ-डि-जानेरो येथें विश्वचषकाचा निर्णायक सामना ब्राझील व उरुग्वे यांच्यामध्यें झाला. बरोबरी झाली असती तरी चषक ब्राझीललाच मिळावयाचा होता. दोन्ही पक्षांचा एकेक गोल झाला असतां उरुग्वेचा घिग्गिया उजव्या बगलेनें चेंडू घेऊन आला. थोड्याच वेळापूर्वीं त्यानें असाच येऊन चेंडू मध्यें सोबत्याकडे दिला होता आणि त्यावर गोल झाला होता. आतांहि तो तसेंच करील, या अंदाजानें गोलरक्षक बार्बोसा किंचित् पुढें सरला. घिग्गियानें त्याच्या व खांबाच्या मधल्या फटींतून चेंडू आंत मारला. अंदाज तर्काला धरून होता, पण चुकला. पुढें २००० सालीं मृत्यु येईपर्यंत तो गोल बार्बोसाला कोणीं विसरूं दिला नाहीं. आपल्या देशांत मोठ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षें भोगीत आहों, असें तो म्हणे. संघ अकरा जणांचा, पराभव साऱ्या राष्ट्राचा, आणि भोग मात्र एकट्याचा!

याच काळांतलें आपल्या देशाचें एक उदाहरण पाहावें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशीं खेळला. आपले बहुतेक गडी अनवाणी होते, तरी सामना मोठ्या अटीतटीचा झाला. भारताला दोन पेनल्ट्या मिळाल्या. दोन्ही वायां गेल्या. त्यांतली एक शैलेन मन्ना यांची. सामना आपण २–१ नें हरलों. परंतु मन्नांच्या नांवावर ती चूक कोणीं कायमची कोरून ठेवली नाहीं. १९५१ सालीं दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या, तेव्हां भारताचे कर्णधार तेच मन्ना होते, आणि इराणला १–० नें हरवून त्यांच्या संघानें सुवर्णपदक मिळविलें. पेनल्टी चुकली त्याच दिवशीं त्यांना घरीं बसविलें असतें, तर हा कर्णधार आपणांस कोठून मिळता?

ही वृत्ति आपल्या मातीला परकी नाहीं. आपल्या हुतूतूचे पूर्वीं तीन प्रकार खेळत. 'गामिनी'मध्यें बाद झालेला गडी सारा पक्ष बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'मध्यें सोबत्यांनीं समोरचा एक गडी मारला, कीं आपला एक गडी जिवंत होऊन आंत येई. 'अमर'मध्यें तर गडी मैदान सोडीतच नसे. चुकीचा गुण प्रतिपक्षाला मिळे, पण चुकणारा खेळतच राही. आजच्या कबड्डीनें यांतून संजीवनीचें तत्त्व उचललें आहे. एकाची चूक दुसऱ्याच्या पराक्रमानें भरून निघते, हें त्या तत्त्वाचें मर्म होय.

याचा अर्थ चुकीचा हिशेब घेऊंच नये, असा मात्र नव्हे. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशीं २–० नें हरला. प्रशिक्षक रहीम यांच्या त्याच संघानें अंतिम सामन्यांत त्याच कोरियाला २–१ नें हरविलें. हरल्यानंतर नुसतें विसरून जाणाऱ्यांना हें जमत नाहीं. हिशेब घ्यावा, पण तो खेळ संपल्यावर घ्यावा, आणि कृतीचा घ्यावा. "चेंडू छातीशीं धरावयास हवा होता," या वाक्यानें मुलगा शिकतो; "तूं लोणीहात्याच," या वाक्यानें तो खेळ सोडतो.

एकत्र कुटुंबहि एक संघच आहे, आणि त्याची स्मरणशक्ति फार दांडगी असते. नव्या सुनेच्या हातून पहिल्या सणाला खारट झालेली आमटी तिच्या मुलीच्या लग्नापर्यंत जेवणाऱ्यांना आठवते. एकदां मॅट्रिकला नापास झालेला मुलगा पुढें कितीहि मिळवता झाला, तरी त्याचें तें वर्ष दरेक पाहुण्याला सांगितलें जातें. इतक्या माणसांचें घर असण्याचा लाभ हाच, कीं एकाचें चुकलें तर सांवरावयास दहा हात असतात. त्याच दहा जणांनीं बोटें दाखविलीं, तर एकट्यानें राहणें पुरवलें. म्हणून थोरांस आमची एवढीच विनंति आहे: निकाल घेऊन मुलगा उंबरठ्याशीं खालीं मान घालून उभा असेल, तेव्हां आधीं त्याचा पाट मांडावा. गुणपत्रिका जेवणानंतरहि पाहतां येते.